राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट

आमच्या वर्गाच्या भित्तिपत्रकाचा या वेळचा विषय थोर व्यक्तींची चरित्रे हा आहे. गुरुजींनी चिठ्ठ्या टाकल्या. कोणाला सावित्रीबाई आल्या, कोणाला गाडगेबाबा आले, कोणाला शाहू महाराज आले. माझी चिठ्ठी उघडली तर त्यात फ्रँकलिन रूझवेल्ट असे नाव! मला ते धड वाचताही येईना. सगळी पोरे हसली. मी गुरुजींना म्हणालो की मला बदलून द्या. तेव्हा गुरुजी म्हणाले की बघ बाबा, या माणसाला तुझ्या काकांसारखाच पोलिओ झाला होता. मग मी चिठ्ठी बदलली नाही.

माझे काका गावात पिठाची गिरणी चालवतात. ते दोन वर्षांचे असताना त्यांना ताप आला आणि दोन्ही पायांतली शक्ती गेली. ते कुबड्या घेऊन चालतात. लांब जायचे तर हाताने फिरवायची तीनचाकी सायकल आहे. फोटो काढायचा असला की ते कुबड्या लपवायला सांगतात आणि खुर्चीवर बसतात. हे मी त्यांना विचारूनच लिहीत आहे. ते म्हणाले की लिही, पण माझे थोडे आणि रूझवेल्टचे जास्त लिही. म्हणून आता रूझवेल्टचे लिहितो. गुरुजींनी दिलेले पुस्तक मी दिवाळीच्या सुट्टीत वाचले. जे कळले नाही ते गुरुजींनी फळ्यावर काढून सांगितले.

फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा जन्म ३० जानेवारी १८८२ रोजी अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यातल्या हाइड पार्क या गावी झाला. हे गाव हडसन नदीच्या काठी आहे. घर श्रीमंत होते. मोठा वाडा, जमीन, घोडे, नोकरचाकर सगळे होते. आईचे ते एकुलते एक मूल. चौदा वर्षांचे होईपर्यंत त्यांना शिकवायला मास्तर घरीच येत. म्हणजे चौथीत असताना त्यांना वर्गमित्रच नव्हते! याचे मला वाईट वाटले. त्यांना पोस्टाची तिकिटे जमवायचा नाद होता आणि तो मोठेपणीही गेला नाही. पुढे ते हार्वर्ड येथे शिकले, मग कायदा शिकले. १९०५ साली त्यांचे एलिनॉर यांच्याशी लग्न झाले. हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

१९१० साली ते न्यू यॉर्क राज्याच्या विधानमंडळात निवडून आले. १९१३ पासून ते आरमार खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. त्याच काळात पहिले महायुद्ध झाले. ते १९१८ साली संपले. १९२० साली ते उपराष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे राहिले आणि पडले.

आता त्या वेळची अमेरिका कशी होती ते सांगतो. लढाई संपली आणि शहरे एकदम वाढू लागली. १९२० च्या खानेसुमारीत प्रथमच गावांपेक्षा शहरांत जास्त लोक निघाले. त्याच साली सगळ्या देशात बायकांना मताचा हक्क मिळाला. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यातून मोटारी धडाधड बाहेर पडत होत्या. घरोघरी रेडिओ येऊ लागले. पैसे नसले तरी हप्त्याने वस्तू मिळे. पण शेतकऱ्यांचे तसे नव्हते. लढाईत गव्हाला चांगला भाव होता, म्हणून त्यांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या. लढाई संपली आणि भाव पडला. कर्ज मात्र तेवढेच राहिले. आमच्याकडे कांद्याचे असेच होते, म्हणून हे मला गुरुजींनी न सांगताच कळले.

ऑगस्ट १९२१ मध्ये रूझवेल्ट कॅम्पोबेलो नावाच्या बेटावर सुट्टीला गेले होते. तेव्हा ते ३९ वर्षांचे होते. एके दिवशी थंड पाण्यात पोहून आले आणि हुडहुडी भरली. दोन-तीन दिवसांत कमरेखालचे अंग गेले. डॉक्टर म्हणाले पोलिओ. हल्लीच्या काही डॉक्टरांना तो दुसराच आजार असावा असे वाटते. पण पाय गेले ते गेलेच.

आईचे म्हणणे होते की आता राजकारण पुरे, घरी येऊन आराम कर. एलिनॉरबाईंना ते पटले नाही. रूझवेल्ट यांनाही पटले नाही. त्यांना सगळ्यात जास्त भीती आगीची वाटे, कारण आग लागली तर पळता येणार नाही. म्हणून एवढा मोठा माणूस जमिनीवर हातांनी सरपटत जायचा सराव करायचा. हे मी आईला वाचून दाखवले तेव्हा आई काही बोलली नाही, उठून चुलीकडे गेली. काका लहानपणी तसेच सरपटत शाळेत जायचे.

जॉर्जिया राज्यात वॉर्म स्प्रिंग्ज नावाचे गाव आहे. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. १९२४ साली रूझवेल्ट तिथे गेले. त्या पाण्यात त्यांना उभे राहता येई. १९२६ साली त्यांनी ती सगळी जागाच विकत घेतली. त्यात त्यांची दोन-तृतीयांश संपत्ती गेली. मग पोलिओ झालेले इतर लोक तिथे येऊ लागले. रूझवेल्ट स्वतः पाण्यात उतरून त्यांना व्यायाम शिकवीत. त्यांनी फक्त हातांनी चालवता येईल अशी मोटार करून घेतली आणि ते आसपासच्या खेड्यांतून हिंडू लागले. तिथे कापूस पिकवणारे गरीब शेतकरी होते. मोटार थांबवून ते त्यांच्याशी पिकाच्या, भावाच्या गप्पा मारत. विजेचे बिल आले तर हाइड पार्कच्या चौपट दर! श्रीमंत शहराजवळ वीज स्वस्त आणि गरीब खेड्यात महाग. हे त्यांनी मनात ठेवले. गुरुजी म्हणतात की पाय गेले नसते तर ते त्या खेड्यांत कशाला गेले असते? मला पण तसेच वाटते.

१९२८ साली ते न्यू यॉर्क राज्याचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. तिकडे गव्हर्नरला लोक निवडून देतात, म्हणजे तो आपल्या मुख्यमंत्र्यासारखा असतो. भाषणाला जाताना ते दोन्ही पायांना कमरेपासून पोलादी पट्ट्या बांधत, गुडघ्यात त्या अडकवून घेत, एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने मुलाचा दंड धरत आणि अंग हेलकावत पुढे सरकत. याला ते चालणे म्हणत. घरात त्यांची चाकांची खुर्ची होती. पण ती लोकांना दिसू द्यायची नाही असा त्यांचा कटाक्ष होता. वर्तमानपत्रवाले बहुधा तसा फोटो छापत नसत.

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यू यॉर्कचा शेअर बाजार कोसळला. शेअर म्हणजे कंपनीतला छोटा वाटा. भाव वाढतच राहणार असे समजून पुष्कळांनी कर्ज काढून वाटे घेतले होते. भाव पडला तेव्हा वाटा गेला आणि कर्ज उरले. मग लोक वस्तू घेईनात, म्हणून कारखाने बंद पडले. कारखाने बंद पडले म्हणून कामे गेली, आणि कामे गेली म्हणून लोक आणखी कमी वस्तू घेऊ लागले. गुरुजींनी हे फळ्यावर गोल काढून दाखवले. १९३३ साली दर चार कामगारांत एकाला काम नव्हते. सूप आणि पाव फुकट मिळे तिथे लांब रांगा लागत. घर गेलेले लोक पत्र्याच्या आणि खोक्यांच्या झोपड्या बांधून राहत. त्या झोपडपट्ट्यांना लोक राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांच्या नावावरून हूव्हरव्हिल म्हणत. हूव्हर वाईट नव्हते. पहिल्या महायुद्धात त्यांनी बेल्जियममधल्या उपाशी लोकांना अन्न पोचवले होते. पण सरकारने घरोघर पैसे वाटावेत हे त्यांना पटत नव्हते.

खेड्यात तर लई वाईट हाल झाले. मका इतका स्वस्त झाला की काही ठिकाणी लोकांनी कोळशाऐवजी मकाच शेगडीत जाळला. शेतकऱ्यांनी दूध रस्त्यावर ओतले. कर्ज फिटले नाही की शेताचा लिलाव होई. तेव्हा शेजारपाजारचे शेतकरी जमून लिलावाला जात आणि गाईला पाच सेंट, नांगराला दहा सेंट अशी बोली बोलत. बाहेरच्या माणसाला जास्त बोलूच देत नसत. सगळे असे थोड्या पैशांत घेऊन परत त्याच शेतकऱ्याला देऊन टाकत. ही गोष्ट मी काकांना सांगितली तर ते गिरणी बंद करून हसले आणि पुन्हा सांग म्हणाले.

नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत ४८ पैकी ४२ राज्यांत रूझवेल्ट जिंकले. पण तेव्हा शपथ ४ मार्चला होत असे. मधल्या चार महिन्यांत लोक घाबरून बँकेतून पैसे काढू लागले. तोपर्यंत हजारो बँका बुडाल्या होत्या. आता बँक का बुडते ते सांगतो. समजा मी माझ्या दहा गोट्या मित्राकडे ठेवल्या. त्याने त्यातल्या आठ दुसऱ्यांना खेळायला दिल्या. रोज मी एखादी मागितली तर तो देईल. पण मी एकदम दहा मागितल्या तर कुठून देणार? तो चोर नाही, पण गोट्या त्याच्याकडे नाहीत. बँकेचे पण असेच असते. काही बँकावाले मात्र खरेच लबाड होते.

इथे मला माझ्या आजीचे सांगायचे आहे. आजीने शेळ्या विकून चाळीस हजार रुपये एका पतसंस्थेत ठेवले होते. मी दुसरीत असताना ती पतसंस्था बंद पडली. आजी आणि बाबा चार-पाचदा तिथे जाऊन आले. दाराला कुलूप आणि बाहेर माणसे बसलेली. आजीने पासबुक अजून पेटीत ठेवले आहे. म्हणून हा भाग मी दोनदा वाचला.

शपथ घेतल्यावर दोनच दिवसांनी रूझवेल्ट यांनी देशातल्या सगळ्या बँका बंद केल्या. त्याला बँकांची सुट्टी असे नाव दिले. मग घाईने कायदा केला आणि कोणत्या बँका चांगल्या आहेत ते सरकारी माणसांनी तपासायला घेतले. रविवारी, १२ मार्च १९३३ च्या रात्री ते रेडिओवर बोलले. भाषणासारखे नाही, तर ओट्यावर बसून सांगावे तसे. बँक तुमचे पैसे घेऊन काय करते, आम्ही काय केले, उद्या काय होईल, हे सगळे सोप्या शब्दांत सांगितले. कोट्यवधी लोकांनी ऐकले. सोमवारी बँका उघडू लागल्या तर दारात पुन्हा रांगा! पण या रांगा पैसे काढायला नव्हत्या, लोक घरात लपवलेले पैसे परत ठेवायला आले होते. त्याच वर्षी ठेवींच्या विम्याचा कायदा झाला. १९३४ पासून बँक बुडाली तरी एका माणसाला अडीच हजार डॉलरपर्यंत पैसे परत मिळू लागले.

मी गुरुजींना विचारले की मग आजीचे का नाही मिळाले? गुरुजी म्हणाले की आपल्याकडेही १९६२ पासून बँकेतल्या ठेवीला विमा आहे आणि २०२० पासून तो पाच लाखांपर्यंत आहे. पण तो बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. हे आमच्या घरी कोणालाच माहीत नव्हते. वाचायला आलेल्या पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

मग रूझवेल्ट यांनी कामे काढली. बेकार तरुणांना जंगलात तंबू ठोकून ठेवले आणि झाडे लावणे, बांध घालणे, रस्ते करणे अशी कामे दिली. महिन्याला तीस डॉलर मिळत. त्यातले पंचवीस सरकार परस्पर घरी पाठवी, म्हणजे पोराने उधळायला नको. नऊ वर्षांत सुमारे तीस लाख तरुणांनी हे काम केले आणि तीनशे कोटींच्या आसपास झाडे लावली. आजी म्हणाली की आम्ही पण बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, पण सुकडी खाऊन. घरी पाठवायला काही उरत नव्हते.

टेनेसी नदीवर धरणे बांधून वीज केली. १९३५ च्या सुमारास अमेरिकेत दहा शेतकऱ्यांपैकी जेमतेम एकाच्या घरी वीज होती. कंपन्या म्हणत की खेड्यात खांब टाकणे परवडत नाही. तेव्हा सरकारने शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना कर्ज दिले आणि त्यांनी आपले खांब आपणच टाकले. जॉर्जियातले ते चौपट बिल रूझवेल्ट विसरले नव्हते. वीज नसती तर काकांनी काय केले असते? जात्यावर दळायला बसायलासुद्धा पायांचा आधार लागतो असे आजी म्हणते.

पण सगळेच चांगले केले असे नाही. १९३३ साली भाव वाढावा म्हणून सरकारने शेतकऱ्यांना पैसे देऊन उभ्या कपाशीवर नांगर फिरवायला लावला. कपाशीच्या रोपावर पाय द्यायचा नाही असे खेचरांना शिकवलेले असते. त्यामुळे खेचरे पुढे जाईनात असे सांगतात. साठ लाख डुकरे, बरीचशी पिलेच, मारून टाकली. काही मांस गरिबांना वाटले, पण पुष्कळ वाया गेले. शहरात लोक उपाशी होते ना! मग हे कसे बरोबर? गुरुजी म्हणाले की त्याने भाव वाढला. तरी मला पटले नाही. शिवाय पैसे जमीनमालकाला मिळाले आणि कमी जमीन पेरायची म्हणून वाटेकऱ्यांना त्याने हाकलून दिले. त्यांत काळे लोक पुष्कळ होते.

१९३५ साली म्हातारपणी पेन्शन आणि बेकारांना मदत असा कायदा झाला. मजूर मंत्री फ्रान्सिस पर्किन्स या बाईंनी त्यासाठी खूप खटपट केली. अमेरिकेतल्या त्या पहिल्या बाई मंत्री. १९३८ साली तासाला कमीत कमी पंचवीस सेंट मजुरी ठरली आणि आमच्याएवढ्या मुलांना कारखान्यात कामाला लावायला बंदी झाली. पण पेन्शनच्या कायद्यात शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायका सुरुवातीला घेतल्याच नव्हत्या. म्हणजे ज्यांना जास्त गरज तेच बाहेर. दक्षिणेकडे काळ्या लोकांना जमाव झाडाला लटकवून मारत असे. ते थांबवायचा कायदा करा असे एलिनॉरबाई नवऱ्याला सांगत. पण दक्षिणेकडचे खासदार चिडतील आणि बाकीचे कायदे अडवतील म्हणून रूझवेल्ट यांनी जोर लावला नाही. १९३९ साली मॅरियन अँडरसन या काळ्या गायिकेला वॉशिंग्टनमध्ये एका संस्थेने आपला हॉल दिला नाही, तेव्हा एलिनॉरबाईंनी त्या संस्थेचा राजीनामा दिला. मग त्या गायिकेचे गाणे लिंकन यांच्या स्मारकापुढे उघड्यावर झाले. ७५ हजार लोक आले होते.

लोकांनी रूझवेल्ट यांना १९३६, १९४० आणि १९४४ साली पुन्हा निवडले. चार वेळा निवडून आलेले ते एकटेच. आता दोनपेक्षा जास्त वेळा निवडून येता येत नाही असा नियम १९५१ पासून आहे. बेकारी पुरती गेली ती मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या कामांमुळे. त्या युद्धात, १९४२ साली, त्यांनी जपानी वंशाच्या सव्वा लाखाच्या आसपास लोकांना घरातून उठवून छावण्यांत कोंडले. त्यांनी काही गुन्हा केला नव्हता. अमेरिकेच्या सरकारने १९८८ साली त्याची माफी मागितली.

१२ एप्रिल १९४५ रोजी वॉर्म स्प्रिंग्ज येथेच मेंदूत रक्तस्राव होऊन रूझवेल्ट वारले. तेव्हा ते ६३ वर्षांचे होते.

त्यांनी १९३८ साली पोलिओविरुद्ध एक संस्था काढली होती. तिच्यासाठी मुलांनी आणि मोठ्या माणसांनी दहा-दहा सेंटची नाणी पाकिटात घालून राष्ट्राध्यक्षांच्या पत्त्यावर पाठवली. लाखो नाणी आली. त्या पैशातून संशोधन झाले आणि डॉक्टर जोनास साल्क यांची लस बरोबर १२ एप्रिल १९५५ रोजी यशस्वी ठरली. आपल्या देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रोगी २०११ साली सापडला. मला डोस पाजायला काकाच घेऊन गेले होते.

वॉशिंग्टनमध्ये त्यांचे मोठे स्मारक १९९७ साली झाले. तिथल्या पुतळ्यात अंगावर झगा असल्यामुळे खुर्ची कळतच नव्हती. मग अपंग लोकांनी मागणी केली की लपवू नका. स्वतः पैसे जमवून २००१ साली त्यांनी दुसरा पुतळा बसवला. त्यात रूझवेल्ट चाकांच्या खुर्चीवर बसलेले स्पष्ट दिसतात. त्या पुतळ्याचा फोटो गुरुजींनी मोबाइलवर दाखवला. मी मोबाइल काकांकडे नेला. रूझवेल्ट यांनी आपली खुर्ची स्वयंपाकघरातल्या साध्या खुर्चीला चाके लावून करून घेतली होती, म्हणजे अरुंद जागेतूनही जाता येई, असे पुस्तकात आहे. ते मी काकांना सांगितले. काकांनी फोटो मोठा करून चाकांपाशी खूप वेळ पाहिले. मग ते म्हणाले की माझी सायकल पडवीतच ठेवावी लागते, पण ही आपल्या दारातून आत येईल. आता ते सुताराला विचारणार आहेत.